दोन हातांची पोथी

“ही माझी सवत,” असं म्हणत काकूंनी लाल कापडातलं एक गाठोडं माझ्यापुढे चटईवर ठेवलं. “आन् हिची अजून दोन गाठोडी आत हाईत. मी या घरात आले तवा माझी एक ट्रंक होती फकस्त.”

“सुमित्रा, हळू ठेव,” खिडकीजवळच्या खुर्चीतून कोटगिरे सर म्हणाले.

“हळूच ठेवली. दर वर्षी हिचा कडुनिंबाचा पाला बदलते मी. माझ्या लुगड्यात कधी पाला घातला का तुम्ही?”

सरांचा चेहरा गाठोड्याच्या दिशेने होता, पण थोडा बाजूला चुकलेला. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू खाल्ली होती, आणि गेली दोन-तीन वर्षं तर त्यांना दिवस-रात्र तेवढी कळायची.

मी पुण्याच्या एका संस्थेतून अंबाजोगाईला आले होते. जुन्या कागदांची निगा राखणं हे माझं काम. पोथी साफ करायची, पानांना पेन्सिलीने क्रमांक घालायचे, वर्णनाचा तक्ता भरायचा आणि पोथी बांधून द्यायची. पोथी होती उदगीरकडच्या एका घराण्याची. सर तरुण प्राध्यापक असताना त्या लोकांनी ती त्यांच्या हाती दिली होती, वाचून सांगा म्हणून. सरांचं सगळं आयुष्य गेलं, पोथी काही वाचून झाली नाही. आता घराण्याने ती आमच्या संस्थेला द्यायचं ठरवलं होतं आणि शुक्रवारी त्यांचा माणूस जीप घेऊन यायचा होता. मला मिळाले होते जेमतेम तीन दिवस.

मी सव्वीस वर्षांची होते, आणि कागदाबद्दल जे कळायचं ते आपल्याला कळून चुकलंय अशी माझी समजूत होती. अक्षरांशी मला देणं-घेणं नव्हतं. मोडी असो, फारसी असो, मी शाई किती टिकलीय ते बघायची आणि पान उलटायची. त्यामुळे न वाचता येणारी पोथी म्हणून मला काही फार वाटलं नाही. या पोथीतली अक्षरं मात्र खरंच कुठलीच नव्हती. मोडी नाही, कानडी नाही, तेलुगू नाही, मठांतल्या सांकेतिक लिप्यांपैकीही नाही. कुणीतरी बसून आपल्यापुरती केलेली वळणं.

“नीलिमाबाई,” सरांनी विचारलं, “तुमच्या तक्त्यात विषयाची एक ओळ असेल ना? तिथं काय लिहिणार?”

मला हाच प्रश्न नको होता. संस्थेच्या तज्ज्ञ समितीने पानांचे फोटो बघून मत आधीच कळवलं होतं आणि तो कागद माझ्या पिशवीत होता.

“समितीनं सांगितलंय तेच लिहावं लागेल, सर.”

“म्हणजे, निरर्थक लेखन.”

“हो.”

“एकदा तसं लिहिलं की पोथी फडताळाच्या तळाशी जाते. पुन्हा कुणी मागवत नाही.” त्यांनी चष्मा सरळ केला. “मला ती वाचता आली नाही, त्याचं काही नाही. पण तिच्यात काही आहे की नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. नसेल तर मी चाळीस वर्षं एका रिकाम्या घराचं दार वाजवत बसलो, असं होईल.”

काकूंनी माझ्याकडे बघून नजरेनेच खुणावलं, पुढे बोलू नको. मग मोठ्याने म्हणाल्या, “सुशीला केलाय. गरम हाय तंवर खाऊन घ्या दोघंबी.” परतलेल्या चुरमुऱ्यांना आमच्या पुण्यात कुणी असं बाईचं नाव देत नाही. मी हसले, आणि विषय तिथेच राहिला.

दुपारी मी गाठोडी सोडली. पानं सुटी होती, हातकागदाची, लांबट. सर खुर्चीतून सांगत होते. पहिल्या गाठोड्यात ‘मूळ’. ती पानं एका सराईत हाताची, वळण रेखीव. दुसऱ्यात ‘नक्कल’, म्हणजे पुढे कुणा शिकाऊ माणसाने केलेली. त्यातली बरीच पानं वेडीवाकडी होती. आणि तिसऱ्यात काय, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, “कोरी. लिहायची राहून गेलेली.”

“ही अशी वेगळी कुणी केली?”

“मीच. पोथी आली त्याच दिवशी.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. “आमच्या गुरुजींची शिस्तच तशी होती. पोथी उघडली की आधी हात वेगळे करायचे. एका माणसाचं लिहिणं एकीकडे, दुसऱ्याचं दुसरीकडे. मूळ शुद्ध झालं की अर्थ आपोआप सापडतो. मग मुळाची पानं मी चिन्हांच्या साम्यावरून ओळीनं लावली.”

“आणि आधीचा क्रम? कुठं टिपून ठेवला होता का?”

“तो कशाला टिपायचा? सुटी पानं होती. कुणी देवघरात कशीही बांधून ठेवलेली.”

पोथ्यांच्या लोकांना अक्षर दिसलं की बाकी काही दिसत नाही. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि कामाला लागले. एकेक पान ब्रशने झाडायचं, डाग, चिरा, भोकं नोंदवायची. पानांना जुनी कसर लागलेली होती. काकूंच्या पाल्यामुळे या घरात एकही किडा शिरलेला नव्हता, तेव्हा होती ती सगळी भोकं सरांच्या आधीच्या काळातली.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला मी वैतागले. ‘मूळ’च्या एका पानावर मोहरीएवढं भोक, पुढच्या पानावर त्याच जागी काही नाही, त्याच्या पुढच्यावर एकदम ज्वारीएवढं. “हा कसला किडा!” मी स्वतःशीच पुटपुटले. “उड्या मारत खातोय की काय.”

“काय म्हणालात?” सरांनी विचारलं.

आंधळ्या माणसासमोर पुटपुटायचं नसतं, हे मी तिथे शिकले. सांगणं भागच होतं. कसर पानामागून पान सरळ पोखरत जाते. भोक हळूहळू मोठं होतं, हळूहळू सरकतं, पण मध्येच एक पान सोडून पुढे जात नाही. म्हणून भोकं जुळवली की कीड लागली तेव्हा पानं कोणत्या क्रमाने होती ते कळतं.

सर खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, “मुळाची भोकं जुळत नाहीत?”

“नाही सर.”

“नकलेची?”

“तीही नाहीत. पण...” मी दोन्ही गाठोड्यांतलं एकेक पान उचलून एकमेकांवर ठेवलं होतं, सहज म्हणून. “मूळ आणि नक्कल मिळून जुळताहेत असं वाटतंय. एकाआड एक.”

त्यांनी हात पुढे केला. मी दोन्ही पानं त्यांच्या हातात दिली. बोटांनी त्यांनी कडा जुळवल्या, भोक शोधलं, वरच्या पानातून खालच्यात जाणारी ती बारीक वाट करंगळीच्या नखाने चाचपली. मग पानं मला परत दिली, भिंतीला धरत उठले आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. जेवायलाही आले नाहीत.

“काय बोललीस गं त्यांना?” काकूंनी ताट वाढता वाढता विचारलं.

मी सांगितलं. ज्याने पोथी जिवापाड जपली त्यानेच ती पहिल्या दिवशी मोडली होती. मी म्हटलं, “काकू, मी हे कुठं लिहिणार नाही. आहे तशीच बांधून देते.”

“आन् त्यांनी काय करायचं? रोज उठून तेच आठवायचं?” काकूंनी भाकरी माझ्या ताटात जरा जोरातच टाकली. “हे बघ पोरी. मला त्यातलं काही कळत न्हाई. सातवी शिकलेली बाई मी. पण हा माणूस मला ठाऊक हाय. पानं चुकीची लावली म्हणून न्हाईत ते निजले. आता तरी त्यात काही सापडतंय का, का तेबी न्हाई, त्याचं भ्या वाटायलंय त्यांना. तू लाव पानं नीट.”

सकाळी मी आंघोळ करून आले तर सर चटईवर मांडी घालून बसले होते. “सोडा सगळं,” म्हणाले. “मूळ नाही, नक्कल नाही. एकत्र करा.”

आम्ही तिघांनी मिळून केलं. मी भोकांच्या जागा बघून अंदाजाने पान निवडायची, सर बोटांनी कडा आणि भोकं ताडून बघायचे, आणि काकू पाच-सहा पानांची चळत दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरायच्या. बरोबर लागली असली की भोकातून उजेड आरपार यायचा. “आला!” काकू ओरडायच्या. चुकलं की “मिटलं” म्हणायच्या. तासाभराने त्या माझ्याही आधी सांगायला लागल्या. “न्हाई न्हाई, हे न्हाई त्याच्या म्होरलं. किडा असा तिरका चाललाय बघ.”

“सवतीची बरीच ओळख दिसते,” मी म्हटलं.

“नांदवलंय की तिला,” काकू म्हणाल्या.

पहिली पंधरा-वीस पानं लागल्यावर सर म्हणाले, “आता सांगा. काय दिसतंय?”

मला सांगायला जिवावर आलं. “सराईत हाताचं एक पान. मग शिकाऊ हाताचं एक पान. शिकाऊ पानावर तीच चिन्हं, तशीच, पण डुगडुगती.”

“पुढं?”

“पुढं पुन्हा तसंच. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बघून गिरवायचं.”

“कित्ता,” सर म्हणाले. मांडीवरचे त्यांचे हात सैल पडले. “कुणाचा तरी कित्ता आहे हा. समितीचं बरोबर होतं. चाळीस वर्षं मी कुणाच्या तरी गिरवण्यात वेद शोधत बसलो.”

मला इतकं वाईट वाटलं की मी चक्क देवाचा धावा केला, आणि माझी देवाशी फारशी ओळख नव्हती. काकूंनी सरांच्या हातात पुढचं पान ठेवलं, नुसतं. सवयीने त्यांची बोटं कडेवरून फिरली आणि काम पुढे चालू झालं.

दुपार कलायच्या आत चित्र बदललं. शिकाऊ हात सुधारत होता. वेलांट्या नीट वळायला लागल्या होत्या, ओळी सरळ होत होत्या. आणि एका पानावर मी थबकले.

“सर, इथं तो गिरवत नाहीये.”

“म्हणजे?”

“सराईत पानावर वेगळं आहे, याच्या पानावर वेगळं. दोन-तीन चिन्हं तेवढी सारखी. सराईत पानाच्या शेवटी जी आहेत त्यांनीच याचं पान सुरू होतंय.”

“आणि त्याच्या पुढचं सराईत पान?”

मी बघितलं. “ते याच्या शेवटच्या चिन्हांनी सुरू होतंय.”

सर ताठ बसले. “पुन्हा बघा. त्याच्या पुढचं बघा.”

पुढचंही तसंच होतं. त्याच्या पुढचंही. एकाने जिथे सोडलं तिथून दुसऱ्याने उचललेलं.

“बोलताहेत,” सर अगदी हळू म्हणाले. “आधी शिकवलं, आणि मग बोलायला लागले. एकानं एक लिपी केली आणि ती फक्त एकाच माणसाला शिकवली.” ते हसायला लागले आणि त्यांच्या चष्म्याखालून पाणी आलं. “आणि मी त्यांना उचलून दोन गाठोड्यांत घातलं. इतकी वर्षं! सुमित्रा, मी त्यांना बोलू दिलं नाही गं.”

“आता देताव ना,” काकू म्हणाल्या. “डोळे पुसा आन् म्होरलं पान घ्या.”

त्या वेळच्या आनंदाचं मी काय सांगू? आमच्यापैकी कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं आणि आम्ही तिघंही दोन अनोळखी माणसांच्या गप्पा ऐकत बसलो होतो. लांबलचक पानं, तोकडी पानं. एका पानावर नुसत्या दोन ओळी आणि त्याला उत्तर म्हणून पानभर गिचमीड. “भांडले,” काकू म्हणाल्या, आणि आम्हाला ते पटलं.

मग सराईत हात बदलायला लागला. अक्षरं मोठी होत गेली. ओळी उजवीकडे घसरायला लागल्या. एक ओळ दुसरीवर चढलेली. मी हे सांगितलं तेव्हा सरांनी विचारलं, “पानाच्या डाव्या कडेला शाईचे ठसे आहेत का? बोटांचे?”

होते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक.

“मग त्याला दिसेनासं झालंय. ओळ कुठं सुरू करायची ते डावं बोट टेकवून ठरवतोय. मीही शेवटी शेवटी असंच लिहायचो.”

दुसऱ्या हातानेही अक्षरं मोठी काढायला सुरुवात केली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याची नजर चांगली होती, ओळी सरळ होत्या. अक्षरं मोठी केली होती ती वाचणाऱ्यासाठी. मी ते सांगितलं. काकूंनी पदराने खिडकीची काच उगाचच पुसली.

सराईत पानं संपली. शेवटच्या पानावर चारच चिन्हं होती, तळहाताएवढी. आता उरली ती फक्त दुसऱ्या हाताची थोडी पानं. ती मी एकावर एक ठेवली आणि काकूंनी खिडकीसमोर धरली.

“मिटलं,” त्या म्हणाल्या.

मी खालीवर करून बघितली. पुन्हा मिटलं. कसंही लावलं तरी उजेड येईना. “मधली पानं हरवली असतील,” मी म्हटलं. “दर दोन पानांमध्ये एक पान नाहीये.”

सरांनी विचारलं, “कोरी पानं कुठं आहेत?”

“बाजूला ठेवलीत. कोऱ्या पानांना आम्ही क्रमांक घालत नाही, सर. तक्त्यात शेवटी नुसतं ‘कोरी पानं’ म्हणून लिहितो.”

“त्यांना भोकं आहेत?”

मी गाठोडं सोडलं. भोकं होती. कोऱ्या पानाची कीड कोण बघतं? मीही बघितली नव्हती. एक उचलून मी दोन लिहिलेल्या पानांच्या मध्ये सरकवलं, दुसरं पुढच्या दोहोंच्या मध्ये, आणि चळत काकूंच्या हातात दिली.

“आला,” काकू म्हणाल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत.

एक लिहिलेलं पान, एक कोरं. पुन्हा एक लिहिलेलं, पुन्हा एक कोरं. दुसऱ्या हाताने आपलं पान लिहायचं आणि पहिल्याच्या पाळीचं पान कोरं ठेवायचं, आणि मग आपलं पुढचं लिहायचं. शेवटपर्यंत तसंच. मी सरांना हे सगळं सांगितलं.

“शेवटचं पान कोणतं?” त्यांनी विचारलं.

“कोरं.”

सरांनी मान हलवली. “नीलिमाबाई, आता विषयात काय लिहाल?”

“दोन व्यक्तींमधला पत्रव्यवहार. अर्थ अज्ञात.” मी समितीचा कागद पिशवीतून काढला आणि त्याच्या चार घड्या करून खालच्या कप्प्यात कोंबला. पुढे त्यावरून मला संस्थेत बरीच बोलणी खावी लागली, पण तक्त्यातली ओळ आजही तीच आहे. वाचता मात्र ती पोथी अजून कुणालाच आलेली नाही.

काकू अजून चळत धरूनच बसल्या होत्या. “दुसरा हात बाईचा हाय,” त्या एकदम म्हणाल्या.

“कशावरून?” सरांनी विचारलं. “लिपीवरून हात बाईचा की पुरुषाचा हे सांगता येत नाही.”

“लिपी ऱ्हाऊ द्या तुमची. बाप्या माणूस एवढं थांबत न्हाई. चार दिवस रडतो आन् कामाला लागतो. त्याच्या पाळीचं पान ठिवून वाट बघणारी बाईच असती.”

“मी ठेवीन,” सर म्हणाले.

“काय?”

“तुझ्या पाळीचं पान. मी ठेवीन, सुमित्रा.”

काकूंनी चळत माझ्या हातात दिली. “धर गं.” त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आत भांड्याचा आवाज झाला नाही, चुलीचा नाही, कसलाच नाही. सर दाराकडे कान लावून बसले होते आणि मी कुठे बघावं ते मला कळेना.

मग आतून काकूंचा आवाज आला. “आन् आधी मीच जायची, हे कुणी ठरवलं?”

सर उठले. भिंत, कपाट, दाराची चौकट असं एकेक चाचपत ते आत गेले. मी पेन्सिलीला टोक केलं, पहिलं पान समोर ओढलं आणि क्रमांक घालायला सुरुवात केली. कोऱ्या पानांनाही घातले.